‘होईपर्यंत’चं पोस्टर

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी नऱ्ह्याजवळच्या एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. सहा वर्षं झाली, अजून कंत्राटीच आहे. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमातली, जुन्नर, वेल्हे, दौंडकडची. गेल्या वर्षी मी त्यांना ड्राय रनसाठी, म्हणजे प्रोग्राम संगणकावर न चालवता कागदावर ओळीओळीने करून बघण्यासाठी, वेगळी वही घालायला लावली. डाव्या पानावर प्रोग्राम, उजव्या पानावर प्रत्येक ओळ काय करते ते मराठीत, खाली व्हेरिएबलच्या व्हॅल्यूंचा तक्ता. दोन बॅचना वही होती, दोन बॅचना नव्हती. फरक जाणवला. एका मैत्रिणीने सुचवलं की संगणक शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पोस्टरचा प्रस्ताव पाठव. लिहायला बसले तर तीन पानं झाली. शीर्षक आहे ‘मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची प्रोग्रामिंगमधील कामगिरी सुधारण्यासाठी ड्राय रन वहीचा प्रभावी वापर’. एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणाले, पोस्टर हे पोरांचं काम, पेपर लिहा, पॉइंट तरी मिळतील. माझं इंग्रजी बेताचं आहे आणि स्टॅटिस्टिक्स येत नाही. पाठवू का? आणि नक्की काय लिहू?

ता. क. वह्या तपासताना एक गंमत दिसली. बरीच मुलं मराठीत ‘आय पाच होईपर्यंत’ असं बरोबर लिहितात आणि शेजारी व्हाइल लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या आज्ञेच्या, कंसात मात्र ‘आय == ५’, म्हणजे ‘आय पाच आहे’, असं लिहितात. का ते कळलं नाही.

— एक वाचक, धायरी

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी अडकले. अहो, तुमचं पोस्टर तिथे आहे! वरची तीन पानं तूर्त कपाटात ठेवा.

आपण घरात कसं बोलतो ते आठवा. ‘तीन शिट्ट्या होईपर्यंत गॅस बंद करू नकोस.’ ‘बस येईपर्यंत इथेच थांब.’ थांबायचं कधी, ते आपण सांगतो. सीमधल्या व्हाइलला मात्र चालू राहण्याची अट हवी असते. मुलाने थांबण्याची अट कंसात टाकली की लूप एकदाही फिरत नाही, कारण आय सुरुवातीला शून्य असतो, आणि शून्य म्हणजे पाच नव्हे. एररही येत नाही. मुलगा त्या निळ्या टर्बो सीच्या स्क्रीनकडे बघत बसतो आणि आपण पाठीमागून म्हणतो, ‘लॉजिक चुकलंय.’ लॉजिक कुठे चुकलंय? उजव्या पानावर त्याने मराठीत लिहिलेलं वाक्य तर चोख आहे.

आता याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवा. ‘पाऊस असेपर्यंत थांब’ आणि ‘पाऊस येईपर्यंत थांब’. दोन्हीकडे ‘पर्यंत’च आहे. पहिल्यात चालू असलेली स्थिती आहे, दुसऱ्यात घडायची असलेली घटना. पहिलं वाक्य जसंच्या तसं व्हाइलमध्ये जातं, दुसऱ्याची अट उलटी करावी लागते. ‘जोपर्यंत’ची तीच तऱ्हा : ‘जोपर्यंत पाऊस आहे तोपर्यंत’ म्हणता येतं आणि ‘जोपर्यंत पाऊस येत नाही तोपर्यंत’ही. दुसऱ्या वाक्यातला तो ‘नाही’ म्हणजे सीमधलं बरोबरच्या चिन्हाआधीचं उद्गारचिन्ह. ‘होईपर्यंत’ म्हटलं की तो ‘नाही’ गिळला जातो आणि कंसातून उद्गारचिन्हही जातं. आणि फळ्यापाशी उभं राहून ‘व्हाइल म्हणजे जोपर्यंत’ असं एका दमात सांगून पुढे गेलेल्या आपणच. मीही गेले आहे, एकतीस वर्षं.

नोकरीला लागले तेव्हा आम्ही पास्कल शिकवायचो. निक्लाउस विर्थ यांच्या १९७० सालच्या या भाषेत व्हाइल होतंच, शिवाय ‘रिपीट-अन्टिल’ही होतं. अन्टिल म्हणजे अगदी आपलं ‘होईपर्यंत’. मुलं आपोआप तिकडे वळायची. नंतर सी आली, अन्टिल गेलं आणि डू-व्हाइलमध्ये अट पुन्हा उलटी झाली. पास्कलच्या काळात ही चूक कमी दिसायची असं मला वाटतं, पण माझं वाटणं पोस्टरवर लावू नका. तुमच्याकडे वह्या आहेत, त्या लावा.

हा विषय हवेतला नाही, हे दाखवायला प्रस्तावात दोन ओळी पुरतात. जेफ्री बोनार आणि इलियट सोलोवे यांनी १९८५ साली दाखवलं होतं की नवशिके प्रोग्राम लिहिताना रोजच्या भाषेतला अर्थ सोबत घेऊन येतात. व्हाइलच्या बाबतीत इंग्रजी बोलणाऱ्यांना वाटतं की अट खोटी झाली की लूप त्याच क्षणी मध्येच थांबणार. प्रत्यक्षात अट तपासली जाते ती प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला. म्हणजे इंग्रजी तिच्या लेकरांना एका बाजूने फसवते आणि मराठी आपल्याला दुसऱ्या बाजूने. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी देशी भाषेतून शिकलेल्या मुलांना प्रोग्रामिंग कोणत्या माध्यमातून शिकवावं यावर काम केलं, ते संगणक शिक्षणावरच्या २०१५च्या आयटिक्सी परिषदेत मांडलं गेलं. ते मिळवून वाचा. तुमचा मुद्दा त्याहून बारीक आहे, एका शब्दाएवढा. पोस्टरला बारीकच लागतो.

आता एचओडी सर. त्यांच्या डोळ्यांपुढे गॅदरिंगच्या वेळी जिन्यात लावलेले कार्डशीट असणार. परिषदेतलं पोस्टर म्हणजे एका दालनात उभे केलेले बोर्ड, चहाची वेळ, आणि आपण आपल्या बोर्डाशेजारी तास-दीड तास उभं राहायचं. हातात कप घेतलेला माणूस येतो, दोन मिनिटं वाचतो आणि विचारतो. पेपरमध्ये उत्तर लागतं. पोस्टरला माणूस थांबेल असा प्रश्न लागतो, काम अर्धवट असलं तरी चालतं, किंबहुना अर्धवट असतं तेव्हाच ते दाखवण्यात अर्थ असतो. आणि पॉइंटांचं म्हणाल तर निवडलेल्या पोस्टरचा सारांश बऱ्याच परिषदांच्या कार्यवृत्तात छापला जातो. सरांना ते सांगा, बाकी वाद घालू नका. कंत्राट त्यांच्या सहीने पुढे जातं.

मी पाठवलेला पहिला प्रस्ताव परत आला होता. तेव्हा राग आला, आज वाचताना हसू येतं. प्राचार्यांना वार्षिक अहवाल द्यावा तसा लिहिला होता मी : उपक्रम यशस्वीरीत्या राबवण्यात आला, विद्यार्थ्यांना लाभ झाला. तपासणाऱ्यांपैकी एकाने एवढंच विचारलं होतं की तुम्हाला आमच्याशी कशाबद्दल बोलायचं आहे. खरंच, मला काहीच बोलायचं नव्हतं, सांगायचं होतं. तुमच्या शीर्षकातला ‘प्रभावी’ त्याच अहवालातून आलाय. तो काढा.

‘फरक जाणवला’ हेही प्रस्तावात नको. बॅच कशा पडल्या? रोल नंबरने, म्हणजे आडनावाने. वहीवाली बॅच सकाळची होती का? दुपारी अडीचच्या प्रॅक्टिकलला निम्मी मुलं पेंगत असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. वही नसलेल्या बॅचला तुम्हीच शिकवत होतात की दुसरं कोणी? एवढ्या भानगडी सोडवायला स्टॅटिस्टिक्स लागेल. ‘होईपर्यंत’ला लागत नाही, तिथे मोजणी पुरे. किती वह्या पाहिल्या, किती ठिकाणी ‘होईपर्यंत’ किंवा ‘येईपर्यंत’ होतं, त्यातल्या किती ठिकाणी अट उलटी पडली, आणि ‘असेपर्यंत’ लिहिलेल्यांची किती वेळा पडली. चार आकडे. शेवटच्या दोघांत फरक निघाला नाही तर तसं लिहा, तेही पोस्टरच आहे.

एक तयारी मात्र आत्तापासून करा. तिथे पहिला प्रश्न हाच येईल : इंग्रजी माध्यमाची मुलं ही चूक करत नाहीत का? त्यांच्या वह्याही बघा. आणि सेमी-इंग्लिशवाली कुठे मोजणार ते ठरवा. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत शिकलेलं हे आपल्या महाराष्ट्रातलं प्रकरण परदेशी माणसाला एका वाक्यात समजावणं अवघड, पण ते वाक्य हवंच. जमलं तर या सत्रात एका ट्युटोरियलला पाच-सहा मराठी वाक्यं द्या, अर्धी ‘असेपर्यंत’ची, अर्धी ‘होईपर्यंत’ची, मिसळून, आणि फक्त कंसातली अट लिहायला सांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मुलांच्या वहीचे फोटो लावणार असाल तर आधी त्यांची लेखी संमती घ्या, कॉलेजात नीतिसमिती असेल तर तिला विचारा, आणि नाव-रोल नंबर झाका. ‘आमचीच मुलं आहेत, काय होतंय’ हे चालत नाही. इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात असताना मुलगा तोंडावर नाही म्हणत नसतो. म्हणून संमतीचे कागद गोळा करायला वर्गावर नसलेल्या कोणाला तरी पाठवा.

आता लिहिणं. ज्या परिषदेला पाठवणार तिचं त्या वर्षीचं आवाहन, म्हणजे प्रस्ताव मागवणारी सूचना, पुढ्यात घेऊनच बसा. पानं, शब्दमर्यादा, साचा, नावं लपवायची की नाहीत, हे सगळं दरवर्षी आणि दर परिषदेला बदलतं. सारांशाला अडीचशेच्या आसपास शब्द मिळतील असं धरून चाला. शीर्षक मी असं देईन : ‘असेपर्यंत आणि होईपर्यंत : मराठी बोलणाऱ्या नवशिक्यांच्या व्हाइल लूपमधल्या उलट्या अटी’. दोन्ही मराठी शब्द इंग्रजी शीर्षकातही तसेच राहू द्या, त्यांनीच माणूस थांबेल. पहिल्या वाक्यात चूक दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्यात मराठीची खोड. मग वर्ग कसला, मुलं कोण, वह्या किती. मग ते चार आकडे. आणि शेवटी तुम्हाला काय विचारायचंय ते : तुमच्या भाषेत ‘चालू असताना’ आणि ‘घडेपर्यंत’ यांना एकच प्रत्यय आहे का, तुमची मुलं अशी अडखळतात का? कन्नड, तेलुगू, फिनिश, जपानी बोलणारे शिक्षक तिथे भेटतील, आणि हा प्रश्न ऐकून प्रत्येकाला आपापल्या वर्गातलं काहीतरी आठवेल. वही मधल्या दोन वाक्यांत येईल, साधन म्हणून.

इंग्रजी बेताचं आहे ते बरं आहे. छोटी वाक्यं लिहा. एआयकडून भाषा तपासून घ्यायला हरकत नाही, पण अशा बऱ्याच परिषदा भरवणाऱ्या एसीएम या संगणकवाल्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे एआयला लेखक म्हणून दाखवता येत नाही आणि मजकूर त्याच्याकडून तयार करून घेतला तर तसं नमूद करावं लागतं. माझा त्याच्याविरुद्धचा मुद्दा वेगळाच आहे. तुमची ता. क. त्याला दिली असती तर तिचं त्याने नक्की पुन्हा ‘प्रभावी वापर’ करून टाकलं असतं.

कुठे पाठवायचं? या क्षेत्रातली सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे सिग्सीचं (एसीएमच्या संगणक शिक्षण गटाचं) टेक्निकल सिम्पोझियम, १९७० पासूनचं, पण ते बहुतेक वेळा अमेरिकेत भरतं. पोस्टरपाशी स्वतः उभं राहावं लागतं, म्हणजे तिकीट, नोंदणी आणि व्हिसासाठी मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीची वारी आली. कंत्राटी पगारात ते झेपवू नका. एसीएमची कॉम्पएड ही परिषद देशोदेशी फिरते, २०२३च्या डिसेंबरमध्ये ती हैदराबादला होती. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे. सिग्सीने २०२४ पासून ऑनलाइन परिषदही सुरू केली आहे. आणि एसीएम इंडियाची कॉम्प्युट आहे, ती आता संगणक शिक्षणावरच असते. माझं मत विचाराल तर आधी कॉम्प्युट बघा. त्या वर्षी पोस्टर घेतात का ते तपासा आणि घरच्या अंगणात एकदा उभं राहून या.

मुदतीचं सांगते, कारण त्यात मी दोनदा तोंडघशी पडले आहे. आवाहनात ‘२३:५९ एओई’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. (बघा, ‘असेपर्यंत’!) ही वेळ ग्रिनिचच्या बारा तास मागे, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पुण्यात मुदत संपते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं. मी आणि माझी सहकारी कोथरूडला तिच्या घरी रात्री बारापर्यंत जीव मुठीत धरून बसलो, त्यात वीज गेली. सगळं पाठवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं की साडेसतरा तास हातात होते. पुढच्या वर्षी आम्ही शहाण्या झालो आणि सव्वापाचला लॉग इन केलं. सहलेखिकेचा ईमेल चुकीचा पडला होता, तो दुरुस्त करेपर्यंत साडेपाच झाले. प्रस्ताव अजून माझ्या पेन ड्राइव्हवर आहे.

---

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदेला पोस्टरचा सारांश पाठवला, दोन तासांत ‘निवड झाली’ असा ईमेल आला. तीन दिवसांत नऊ हजार रुपये भरायचे आहेत. परिषद एकाच वेळी संगणक, औषधनिर्माण, व्यवस्थापन आणि शेती यांवर आहे. भरू का?

— एक विद्यार्थी, आकुर्डी

उत्तर : नको. दोन तासांत चहा होतो, परीक्षण होत नाही. मागच्या वर्षीचे छापलेले सारांश मागा, समितीतल्या दोन नावांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर थेट विचारा की तुम्ही खरंच या समितीत आहात का. आणि शेती सोबत असली की मी तर पुढे वाचतच नाही.

---

प्रश्न : मॅडम, आमचं पोस्टर निवडलं गेलं! आता ते छापायचं कुठे आणि कसं? मजकुरात मराठीतली उदाहरणं आहेत.

— दोन शिक्षिका, वारजे

उत्तर : अभिनंदन. दुकानं अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंत हवी तेवढी आहेत, प्रश्न दुकानाचा नाहीच. आधी परिषदेला विचारा : बोर्ड उभा की आडवा, केवढा. ए-झिरो म्हटलं असेल तर ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण दिव्याखाली चमकतो आणि त्याला वास येतो. कापडावर छापून मिळत असेल तर ते घ्या, घडी घालून पर्समध्ये जातं, नळकांडं मिरवत फिरावं लागत नाही.

खरी मेख फॉन्टची. मी एकदा नारायण पेठेतल्या एका दुकानात युनिकोड मराठीची उघडी फाइल देऊन घरी गेले. त्यांच्या संगणकावर जुने फॉन्ट आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. संध्याकाळी गुंडाळी घेतली, सोडून पाहिली नाही. परिषदेच्या दालनात टाचण्या लावताना दिसलं की ‘विद्यार्थी’ची वेलांटी ‘व’ सोडून ‘द्य’वर जाऊन बसली आहे आणि रफार भलतीकडेच. परदेशी पाहुण्यांना काही कळलं नाही. बंगळुरूहून आलेल्या एका मराठी बाईंना कळलं, आणि त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हा पीडीएफ द्या, आणि दुकानात म्हणतात तसं ‘फॉन्ट कर्व्ह करून’ द्या, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि जागा सोडत नाहीत. कर्व्ह केलं की मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. छापण्याआधी एक प्रत साध्या ए-फोरवर काढा. ए-झिरोच्या मानाने ती लांबी-रुंदीला चौथाई असते. हातभर अंतरावरून ती वाचता आली तर मोठं पोस्टर चार हातांवरून वाचता येईल. वाचता आली नाही तर मजकूर कापा, अक्षर मोठं करा. आणि दुकानातून निघण्याआधी गुंडाळी तिथेच काउंटरवर सोडा, मागे रांग असली तरी. वेलांटी आणि रफार असलेले शब्द आधी तपासा. धायरीच्या बाईंचं पोस्टर निवडलं गेलं तर त्यांनी विशेष, कारण ‘पर्यंत’मध्येच रफार आहे.